साहेबाचं कीर्तन

"साहेब येऊ तर द्या! माझ्या पोरांचं इंग्रजी ऐकून त्यानं डोक्यावरची टोपी काढली नाही, तर वामन नाव लावणार नाही!"

वामनराव मास्तर हे बोलले तेव्हा त्यांच्या ताटात गरम भाकरी पडत होती आणि ती वाढणाऱ्या अन्नपूर्णाबाईंच्या कपाळावर आठी.

"अवो, पण शाळेत टाळ्या कायले कुटता? साहेब चिडला म्हंजे?"

"चिडते कायले? गोडीबिगर विद्या येते का कुठं!"

बाईंची धास्ती खोटी नव्हती. नागपूरचा गोरा साहेब शाळा तपासायला येणार होता. त्याचा शेरा वाईट पडला, तर गावातला इंग्रजीचा वर्ग बंद आणि मास्तरांची बदली थेट मेळघाटात! तिथल्या वाघांचं मास्तरांना भय नव्हतं. वाघ परवडला, पण रानात कीर्तन कुठून आणायचं? गावात दर एकादशीला कीर्तन असे आणि टाळकऱ्यांत मास्तर सर्वांत पुढे. हरिनामाचा गजर कानी पडल्याखेरीज ज्याला फराळ गोड लागत नाही, त्यानं तिकडे काय सागाची झाडं मोजत बसावं?

तर मंडळी, या इंग्रजीत विशेषणाच्या तीन पायऱ्या असतात. उंच, त्याहून उंच आणि सगळ्यांत उंच. त्या काही केल्या पोरांच्या डोक्यात शिरेनात. मास्तरांच्या दोन छड्या मोडल्या, पण पायरी चढेल तर शपथ! मग एका एकादशीला देवळात टाळ धरून उभे असताना मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. बुवा चरण म्हणतात, टाळकरी तो उचलतात आणि बुवांनी हात वर करेपर्यंत सोडत नाहीत. बस्स! दुसऱ्या दिवसापासून शाळेत तेच. मास्तर म्हणत, "टॉल, टॉलर, टॉलेस्ट!" चाळीस पोरं टाळ्या पिटत ते उचलून धरीत आणि मास्तरांचा हात वर गेला की सगळी चिडीचूप.

महिन्याभरात वर्गाला पाठ! नुसती पहिली पायरी विचारली, की पुढच्या दोन पोरं आपणच म्हणत. इतकंच काय, शाळेला लागून पुंजाजी माळ्याची वांग्यांची वाडी होती. देवळात मृदंग वाजवणारा हा साठीचा म्हातारा. अक्षराशी कधी गाठ पडलेली नाही. तोसुद्धा वांग्यांना पाणी देता देता "स्वीट, स्वीटर, स्वीटेस्ट" म्हणू लागला!

हाताची खूण साऱ्यांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती एकट्या साहेबाला.

साहेब धामणगाव बढे गावाकडून येणार, म्हणून मास्तर झेंडूचा हार घेऊन त्या वाटेच्या वेशीवर उभे राहिले. आणि साहेब घोड्यावरून आला तो शेतातल्या पायवाटेनं, नीट शाळेत! मास्तरांच्या जागी उभा राहून म्हणाला,

"गुड मॉर्निंग, बॉइज!"

मास्तरांच्या जागेवरून इंग्रजी आलं. पोरांनी उचललं!

"गुड मॉर्निंग बॉइज! गुड मॉर्निंग बॉइज!"

"सिट डाउन!"

"सिट डाउन! सिट डाउन!" लय वाढली.

"स्टॉप! स्टॉप इट!"

याला तर ताल फारच छान बसला.

"सायलेन्स!" साहेब गरजला. लगेच चाळीस गळ्यांनी शांततेचा असा गजर केला की गावातली कुत्री भुंकू लागली!

वाडीत पुंजाजीनं कान टवकारले. "आँ! मास्तरनं आज मृदंगाबिगर कीर्तन लावलं काऊन?" तो धावत घरी गेला, मृदंग गळ्यात अडकवून शाळेत शिरला, नवे बुवा म्हणून साहेबाच्या पाया पडला, त्याच्या कपाळाला बुक्का लावला आणि खाली बसून जी थाप मारली! साहेबाचं तोंड रागानं लाल झालेलंच होतं. त्यावर काळा बुक्का बसल्यावर अख्खा साहेब गुंजेसारखा दिसू लागला.

शेवटी त्यानं देवाचं नाव घेतलं आणि हताश होऊन दोन्ही हात आभाळाकडे फेकले.

सगळं चूप! झाडावरच्या चिमण्या ऐकू येऊ लागल्या.

साहेबानं हात खाली घेतले. संशयानं एक पुन्हा वर केला. वर्ग जागच्या जागी! एवढी शिस्त त्यानं नागपूरच्या पलटणीतही पाहिली नसावी.

तेवढ्यात मास्तर धापा टाकत दारात पोचले. धावायला अडचण होते म्हणून हार त्यांनी स्वतःच्याच गळ्यात घातला होता. साहेबाच्या कपाळावरचा बुक्का पाहिला आणि ते उंबऱ्यावरच थबकले.

"बिग?" साहेबानं वर्गाला विचारलं.

"बिगर, बिगेस्ट!"

"स्मॉल?"

"स्मॉलर, स्मॉलेस्ट!"

साहेब मास्तरांकडे वळला. "नाउ यू, मास्टर. बॅड?"

मास्तरांच्या डोळ्यांपुढे मेळघाट उभा राहिला. "बॅड... बॅ... बॅडर..." पोरांनी टाळीसाठी हात उचलले. बुवांनी दिलेला चरण, उचलायलाच हवा! आता हा गाढवपणा चाळीस तोंडांनी घुमणार! पांडुरंगा, धाव रे बाबा!

पांडुरंग धावला, तो मृदंग घेऊन. बुवा चरण चुकले तर जुन्या साथीदारानं सावरून घ्यायचं, ही कीर्तनाची रीतच आहे. पुंजाजीनं थाप हाणली आणि खणखणीत आवाजात चरण दिला,

"बॅड, वर्स, वर्स्ट!"

पोरांनी तो छपरापर्यंत नेला. साहेबानं ऐटीत हात वर केला. चूप.

"हू इज धिस बॉय?"

पुंजाजीनं छातीवर हात ठेवला. "ओल्ड, ओल्डर, ओल्डेस्ट!"

साहेब इतका हसला, इतका हसला की त्याला टोपी काढून डोळे पुसावे लागले.

संध्याकाळी मास्तर घरी आले ते हलके होऊनच. बदली टळली होती, वर्ग राहिला होता! अन्नपूर्णाबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

"साहेबानं लिहिलं तरी काय?"

मास्तरांनी शेरा उतरवून आणला होता. त्यांनी घसा खाकरला. "टीचर गुड. बॉइज बेटर. ड्रमर बेस्ट."

"म्हंजे साऱ्यांत खाली तुम्हीच का हो?"

"वर्स तर नाही ना! आण ती साखर इकडे!"

एवढ्यात दारात पुंजाजी उभा राहिला. उपरण्यात वांगी होती.

"मास्तर, उद्या मले वाडीले पानी द्याचं हाये. उद्याचा धडा तुम्हीच उरकून घ्या, बरं का!"