रांगेतील दगडांचे व्यवस्थापन

ज्या गोष्टीचा अभ्यास झालेला नाही ती गोष्ट अस्तित्वात आहे असं मानणं प्रशासनाच्या दृष्टीनं फार धाडसाचं असतं. आमच्या गावात टँकरच्या पाण्यासाठी बारा वर्षं रांग लागत होती, पण ती लागते हे कुणालाच माहीत नव्हतं. (गावाला माहीत होतं. पण गाव हा काही संदर्भग्रंथ नव्हे.)

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या कडेला. पाऊस इकडं येतो, पण उभ्या उभ्या. मुक्काम करत नाही. मार्च लागला की टँकर सुरू होतो, आणि तो किती वाजता येणार हे टँकर चालवणाऱ्या बंकटलाही ठाऊक नसतं. म्हणून बायांनी एक रीत पाडली. सकाळी घरटी एक दगड पाराजवळ ओळीनं ठेवायचा आणि आपापल्या कामाला जायचं. भोंगा वाजला की येऊन आपल्या दगडामागं उभं राहायचं. दुसऱ्याचा दगड हलवायचा नाही. बारा वर्षांत तो कुणी हलवला नाही, कारण पारावर भिवराबाई बसलेली असायची. वय सत्तर, शेरडं सहा आणि तोंड एक. ते पुरेसं होतं.

भिवराबाईचा दगड म्हणजे फुटक्या जात्याची तळी, आणि तिचा नंबर कायम पहिला. त्याला कुणाची हरकत नव्हती. दरीत एक झरा आहे, पण तिथं उतरायचं तर गुडघे लागतात, आणि ते तिच्याकडं उरले नव्हते. टँकर आला तर भिवराबाईला पाणी, नाही आला तर नाही. इतका साधा हिशोब होता, म्हणूनच तो अभ्यासकांच्या नजरेतून सुटला असावा.

अशात पुण्याच्या एका व्यवस्थापन संस्थेचे प्राध्यापकसाहेब आमच्या गावात आले. (गाडी पंक्चर झाली होती. पण अहवालात 'हेतुपुरस्सर निवड' असं आहे.) त्यांनी एकशे तेरा दगड पाहिले आणि चष्मा काढला.

"हे काय आहे?"

"रांग आहे, साहेब," मी म्हणालो.

"मग माणसं कुठं आहेत?"

"कामाला गेलीत."

साहेब मटकन खाली बसले ते नेमके जात्याच्या तळीवर.

"ऊठ रं!" भिवराबाई कडाडली. "माजा नंबर हाय त्यो!"

साहेबांनी उठता उठता वहीत लिहिलं: सामाजिक नियंत्रणाची उत्स्फूर्त यंत्रणा. विद्वत्ता ती हीच. आम्ही बारा वर्षं तिला म्हातारीची कटकट म्हणत होतो.

मी निवृत्त मास्तर, आणि गावातल्या बंद पडलेल्या सगळ्या संस्थांचा मानद सचिव. तेव्हा स्थानिक सहसंशोधक म्हणून माझीच नेमणूक झाली. चौसष्ट प्रश्नांची प्रश्नावली आली. एक्केचाळिसावा प्रश्न होता, 'रांगेत प्रत्यक्ष उभ्या असलेल्या व्यक्तींची संख्या'. मी अकरा वाजता पारावर गेलो, नीट पाहिलं आणि लिहिलं: शून्य. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाला अर्धा गुण वाढवून दिला नाही, तो इथं कसा देणार? खाली सही केली, तारखेसह.

पुढं ज्ञानानं आपलं काम चोख केलं. 'विनामनुष्य रांग' हा शोधनिबंध तीन परदेशांत वाचला गेला. तिथून तो मंत्रालयातल्या एका विभागात उतरला आणि त्याचा अकरा पानी शासन निर्णय झाला. निर्णयाला राबवायला संस्था लागते, म्हणून आप्पाराव पुढं झाले. आप्पाराव हे आमच्या दूध संस्थेचे अध्यक्ष. गावात दूध नाही, पण त्यामुळं अध्यक्षपदाला बाधा येत नाही. त्यांनी 'दगड-रांग सहकारी संस्था मर्यादित' नोंदवली आणि पहिला क्रमांक अध्यक्षांच्या दगडासाठी पदसिद्ध राखून ठेवला.

दगडाचं वजन तीन किलो ठरलं, आकार गोल, रंग पांढरा. गावाच्या तिन्ही अंगांना डोंगर असूनही दगड निविदा काढून बाहेरून आले, कारण डोंगराकडं नोंदणी क्रमांक नव्हता. मग दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पहिल्या दिवशी दगड ठेवणे (प्राथमिक), दुसऱ्या दिवशी दगड उचलणे (प्रगत). दोन्ही दिवस उपस्थिती शंभर टक्के. (प्रत्येकीला पाण्याच्या दोन बाटल्या मिळत होत्या. बायांनी त्या तिथंच घागरीत रिकाम्या केल्या. अहवालात याला 'शिकण्याची तहान' म्हटलंय.) जुने दगड भंगारात निघाले. भिवराबाईची तळी तेवढी साहेबांनी 'मूळ नमुना' म्हणून पुण्याला नेली.

नवे दगड सगळे सारखेच. पहिल्याच दिवशी कुणाचा कोणता ते कळेना आणि एकशे तेरा बाया एकमेकींच्या झिंज्या धरायला धावल्या. पण त्यावर उपाय शोधायची वेळच आली नाही, कारण आठवड्यात आदेश आला. 'सदर गावी रांगेत प्रत्यक्ष उभ्या असलेल्या व्यक्तींची संख्या शून्य असल्याचे संशोधनान्वये सिद्ध झाले आहे. सबब, पाण्याची मागणी नसल्याने टँकर बंद करण्यात येत आहे.' पाठोपाठ दोनशे बारा गावांनी दगड घेतले. तिथंही शून्य, तिथंही टँकर बंद. एकाही पावसाला जे जमलं नव्हतं ते एका रकान्यानं करून दाखवलं.

मी कचेरीत धावलो. कारकुनानं कागद काढून पुढं धरला. "मास्तर, सही तर तुमचीच हाय की."

परत आलो तर भिवराबाई पारावर.

"मास्तर, कावून येईना टँकर?"

मी सगळं सांगितलं. तिनं काठी हाताशी ओढली.

"मंग मी हुबी ऱ्हाते. मोजा म्हनावं."

आणि खरंच उभी राहिली. उन्हात, काठी टेकून, रोज. ज्यांचे पाय चालत होते त्या झऱ्यावर जात होत्या. जाता-येता कुणी तिला तांब्याभर देई. फेरमोजणी पाच वर्षांनी होते हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. मला लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. (ही वैयक्तिक बाब असल्यानं अहवालात नाही.)

वर्षभरानं साहेबांच्या संस्थेनं माझा आणि भिवराबाईचा सत्कार ठेवला. पुण्यात गार हवेची इमारत, दारातच चौथऱ्यावर जात्याची तळी, खाली पितळी पाटी. आणि तळीच्या बरोबर मागं थंड पाण्याचं यंत्र. चहाची सुट्टी झालेली, वीसेक विद्वान पेले घेऊन रांगेत उभे. भिवराबाईनं तळी पाहिली, पिशवीतली कळशी काढली आणि थेट पुढं गेली.

"सरका! माजा दगड हाय हितं. वरीस झालं लावून."

कळशी भरायला अकरा मिनिटं लागली. एकही विद्वान हलला नाही. भरल्यावर टाळ्या झाल्या आणि साहेबांनी वही काढली. नव्या निबंधाचा विषय आहे 'शहरी भागात प्रतिकृतीची शक्यता'. भिवराबाई कळशी मांडीवर घेऊन एसटीनं परत आली. बीड येईपर्यंत निम्मी सांडली होती.

अहवालाच्या शेवटी प्रतिसाद नोंदवायचे असतात. हा वृत्तांत आजवर चारशे सहा जणांनी वाचला. सगळे मनापासून हळहळले, ती हळहळ त्यांनी आमच्या पाराजवळ ओळीनं ठेवली आणि आपापल्या कामाला गेले. तुमचा नंबर चारशे सातवा. तुम्हीही निर्धास्त जा. तुमची हळहळ कुणी हलवणार नाही, म्हातारी तिथंच आहे.

एक्केचाळिसावा प्रश्न मात्र मी कालच नव्यानं भरून पाठवला. प्रत्यक्ष उभ्या असलेल्या व्यक्ती, वाचक धरून: एक.