उतरवायचं राहिलेलं कापड

आमच्या रंगारगल्लीत रंगाऱ्याने रंगवलेल्या प्रत्येक कापडातून नक्षीपुरता रंग काढून घेतल्याशिवाय त्याला मरण येत नाही. आणि शेवटच्या कापडातून तो काढला की रंगारी राहत नाही, मग तो कितीही तरणाताठा असो. डॉक्टरांनाही हे माहीत आहे. ते नाडी बघतात, पापणी ओढून बघतात आणि घरच्यांना विचारतात, "बाहेर किती कापडं राहिलीत?" बरीच राहिली असली तर सलाईन लावून निघून जातात.

रंग काढायचं काम माझं. ते सासूबाईंकडून माझ्याकडे आलं. खळ शिजवायची, त्यात ठसा बुडवायचा, कापडावर दाबायचा, वाळलं की धुवायचं. खळ लागली तिथला रंग निघून पांढरी नक्षी उठते. प्रत्येक रंगारी धडधाकट असतानाच सुताराकडून आपला ठसा कोरून घेतो. म्हणून आमच्याकडे नक्षीचं कापड म्हणजे गेलेल्याचं आणि सपाट रंगाचं म्हणजे जित्याचं. लग्नात सगळे सपाटच नेसतात. मी ठशाची पेटी घेऊन गल्लीतून निघाले की बायका दारं लोटून घेतात. घेऊ देत बापड्या, वेळ आली की सोनाबाई सोनाबाई करत माझ्याच दाराशी येतात.

कापड जाळून-फाडून काही उपयोग नाही. गणपत रंगाऱ्याची एक चादर पुरात वाहून गेली. तो अजून ओट्यावर बसलेला असतो. त्याची नातवंडंसुद्धा म्हातारी झाली, आता तीच त्याला चहा देतात.

द्वारकाक्कांचं सगळं तसं वेळेवर चाललं होतं. निळीत त्यांच्यासारखा हात गल्लीत दुसरा नव्हता. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी एकेक घर आठवून सांगितलं आणि मी जाऊन कापडांचा रंग उतरवून आले. त्यांचा ठसा तुरीच्या शेंगेचा. चादरी झाल्या, पडदे झाले, पंचे झाले. पाठीला जखमा पडल्या होत्या, कूस बदलली की त्या ओरडायच्या आणि ओरडून झालं की विचारायच्या, "सोने, काय काय झालं गं?" शेवटी एकच लुगडं राहिलं, ते त्यांच्या लेकीकडे, कुमुदकडे होतं.

कुमुदला त्यांनी निळीच्या माठाजवळ कधी फिरकू दिलं नव्हतं. "माझी पोर मरायला मोकळी राहू दे," म्हणायच्या. "ठेच लागून जाईल, तापाने जाईल, पण अशी कापडं गोळा करत पडायची नाही." तिला दिलीही तालुक्याला, एका मास्तरांच्या घरात.

कुमुद लुगडं घेऊन आली खरी, पण पिशवी पोटाशी धरून दारातच उभी राहिली.

"दे इकडे," मी म्हणाले.

"मावशी, उजेडात बघ आधी."

मी ते उजेडात धरलं. द्वारकाक्कांची निळाई आकाशाची असायची. हे जवळजवळ काळं होतं, आणि मधेमधे पट्टे.

"हे कुणी बुडवलं?"

"मी. तिकडे एका रंगाऱ्याकडे जाऊन. वरून माझा रंग चढवला की आईचा खाली दबेल, खळीला सापडायचा नाही, असं वाटलं."

"अगं भवाने!" मी म्हणाले. "खळ काय नाव विचारून रंग काढते? दोन्ही निघणार. हे तुझं पहिलं कापड ना? दुसरं कुठलं?"

"नाही."

"मग आई गेली की तिच्यामागोमाग तू."

आतून द्वारकाक्कांनी सगळं ऐकलं होतं. मग रडू ऐकू आलं. दुखण्याने त्या ओरडायच्या, रडायच्या नाहीत. ते रडणं मला सोसेना.

उपाय अवघड नव्हता. कुमुदने एकटीच्या हाताने दुसरं कापड रंगवायचं. ते सपाट ठेवायचं, की ती त्यावर जगेल. मग लुगड्यातून शेंगा काढायला माझी हरकत नव्हती. द्वारकाक्कांच्या परसातला माठ मी राखून ठेवलेला होताच. "मला तिथे न्या," द्वारकाक्का म्हणाल्या. "तिला कोण सांगणार?" आम्ही खाटेसकट त्यांना माठाजवळ नेलं.

"पाण्याखाली उकल, वर आणू नको. हळू. बुडबुडा येऊ देऊ नको गं, तिथे डाग पडतो." आवाज इतका बारीक झाला होता की कुमुदला वाकून ऐकावं लागत होतं. तिने कापड वर काढलं, ते हिरवं होतं. वारा लागला तसं निळं व्हायला लागलं. कुमुद नुसती बघत राहिली.

"बघत काय बसलीस? पीळ!"

कुमुदने पिळायला घेतलं. उलटी पिळत होती, एका बाजूला गोळा करून. कुणाही रंगाऱ्याच्या जिवाची तगमग व्हावी असं. द्वारकाक्का म्हणाल्या, "अशी नाही गं, अशी," आणि खाटेवरून हात खाली सोडून त्यांनी दुसरं टोक पकडलं, पीळ सारखा केला, कडेला राहिलेला पांढरा कोपरा दोन बोटांनी माठात बुडवून वर काढला. आयुष्यभर जे केलं तेच केलं. केल्यावर त्यांनी आपल्या ओल्या बोटांकडे पाहिलं.

माठावर फेस बसत होता.

"हातच ऐकला नाही माझा," द्वारकाक्का म्हणाल्या.

आता दोन कापडं झाली, दोघींची मिळून. आधीच्याहून वाईट. कुमुद तोंडात पदर कोंबून रडायला लागली, पण तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं, आणि आईलाही दिसलं.

"बरं वाटलं ना तुला?" द्वारकाक्का म्हणाल्या.

"हो, वाटलं," कुमुद म्हणाली. "खोटं कशाला बोलू? तू राहिलीस म्हणून वाटलं. उद्या पुन्हा हात लाव. रोज लाव."

"कुमे, रात्री मी दात आवळून पडते. तुला ऐकू जायला नको म्हणून. आता नाही होत गं माझ्याच्याने."

कुमुद उठून आत गेली. मला वाटलं, गेली ही, पिशवी घेऊन पुढची एसटी धरते आता. पण ती बाहेर आली ती कोरं कापड घेऊन.

"सोने," द्वारकाक्का म्हणाल्या, "माझे हात बांध."

मी पंचा फाडला, ओला केला आणि त्यांची मनगटं खाटेच्या दांडीला बांधली. घट्ट बांधली, कारण त्यांचा हात मला ठाऊक होता. कुमुदने कापड पाण्याखाली उकललं, फिरवलं, वर काढलं, पिळलं. या खेपेला तिने मुद्दाम काही चुकवलं नाही, मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. द्वारकाक्का तोंडाने सांगत होत्या आणि बांधलेली बोटं जागच्या जागी पिळत होती. कापड दोरीवर पडलं. पट्टेदारच होतं, पण एकटीचं होतं.

मग मी खळ घेतली आणि दोघींच्या मिळून झालेल्या त्या दोन्ही कापडांवर तुरीच्या शेंगा उठवल्या. ओळीत, काठापर्यंत. वाळल्यावर धुवायला घेतलं. रंग पाण्याबरोबर नाल्यात गेला आणि शेंगा पांढऱ्याफेक वर आल्या. काम चांगलं झालं होतं.

"मावशी, आईचे हात सोड ना," कुमुद म्हणाली. "किती वेळ झाला बांधून."

"तूच सोड," मी म्हणाले. माझे हात खळीचे होते.

ओल्या पंच्याची गाठ वाळून आवळली होती. तिने नखांनी बघितलं, सुटेना. मग खाटेशी बसून तिने ती दातांनी सोडवली. द्वारकाक्का तोवर गेल्या होत्या.