तारमास्तरांचा खिळ्यांचा रूळ

मालवणचे सेवानिवृत्त तारमास्तर भिकाजीपंत हे बोलताना दर दोन शब्दांच्या मध्ये बोटाने मांडीवर सात मोजीत, ही गोष्ट आरंभीच नमूद करणे इष्ट. हे ठाऊक नसलेले कित्येक सभ्य गृहस्थ आपला अपमान झाला असे समजून त्यांच्या ओसरीवरून उठून गेलेले आहेत. मासळीबाजारात ते "सुरमई" म्हणून थांबत. "केवढ्याक?" हा पुढचा शब्द निघण्याआधीच मासळीवाली ओरडे, "मास्तरानू, तुमचा बोलून होयसर सुरमई नासतली!"

तारेची किल्ली किती मापे दाबायची आणि किती मापे सोडायची, याचे मास्तरांचे शास्त्र पक्के होते. "ठिपको एक, रेघ तीन. अक्षरामागे तीन, शब्दामागे सात. ह्या चुकला काय माणूस नि बेडूक सारखेच."

सेवानिवृत्तीनंतर त्यांना घर खाऊ लागले. तेव्हा त्यांनी सुताराकडून हातभर लांबीचा लाकडी रूळ कातून घेतला, त्यावर भोकांच्या रांगा पाडल्या आणि पितळी खिळे बसविले. एक खिळा म्हणजे ठिपका, लागोपाठ तीन म्हणजे रेघ, मोकळी भोके म्हणजे विश्रांती. रुळाला गुंडाळलेल्या सुंभाला जांभ्याचा अर्धा चिरा बांधून सोडला की त्याच्या भाराने रूळ फिरे, खिळे तारेची किल्ली दाबीत आणि कट्ट-कडकट्ट असा निरोप आपोआप वाजे. निरोप बदलणे झाल्यास खिळे बदलावे. सारांश, मी मामलेदार कचेरीच्या पडवीत बसून लोकांचे अर्ज लिहिताना कागदावर जे करतो, तेच ते लाकडावर करीत. फरक इतकाच, की माझे म्हणणे कोणी ऐकेल याची हमी नसते.

मास्तरांची इच्छा एकच होती. हे यंत्र नवशिक्यांना शिकविण्यासाठी तार ऑफिसने घ्यावे आणि यंत्राशेजारी आपणांस एक खुर्ची मिळावी. "पगार नको, बाबुराव. खुर्ची होयी." त्याप्रमाणे मी अकरा कलमी अर्ज लिहिला. कलम नववे, "सदरहू यंत्र वेळेच्या बाबतीत सर्वथा निर्दोष आहे," हे माझ्या मते माझ्या आयुष्यातील उत्कृष्ट वाक्य होय.

अर्जास यश आले. रत्नागिरीहून तार खात्याचे साहेब घड्याळ घेऊन ओसरीवर हजर झाले. मास्तरांनी चिरा सोडला. रुळावर "ऑल वेल" हा निरोप होता. सर्व ठीक आहे, असे तारमास्तर रोज सकाळी एकमेकांस कळवीत, तोच हा. यंत्र स्वच्छ वाजले. साहेबांनी तीन वेळा ऐकले.

"मास्तर, अक्षरे उत्तम. पण 'ऑल'नंतर सातऐवजी अकरा मापे जातात. पुढचे खिळे चार भोके अलीकडे घ्या. खुर्ची उद्यापासून तुमची."

मी पक्कड मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी ती खाली ठेवली, मांडीवर सात मोजले आणि शुद्ध भाषेत म्हणाले, "क्षमा... असावी... साहेब. जमणार... नाही."

साहेब चहा न घेताच गेले. माझा संयम सुटला. "मास्तरानू, तुमका वेड लागला काय? शब्दामागे सात, ह्या सगळ्या मालवणाक तुम्हीच शिकवलास! माझ्या नवव्या कलमाची अब्रू गेली!"

"थंय दाजी तपकीर ओढता," मास्तर म्हणाले.

दाजी म्हणजे वेंगुर्ल्याचे तारमास्तर. वीस वर्षे रोज सकाळी तारेच्या त्या टोकाला तेच असत. 'ऑल' वाजवून चिमूटभर तपकीर ओढीत, त्यात चार मापे जास्त जात, मग 'वेल' वाजवीत. दोघांची प्रत्यक्ष भेट दोनदाच झाली; दोन्ही वेळा बोलायला काही सुचेना, म्हणून टेबलावर बोटे वाजवून गप्पा मारल्या. मास्तरांच्या सेवानिवृत्तीच्या वर्षी वेंगुर्ल्याहून एक तार आली. ती मास्तरांनी स्वतःच उतरवून घेतली. मजकूर दाजी वारल्याचा होता. "पण मजकूर कळच्याआधीच समाजला," मास्तर म्हणाले, "किल्लीवरचो हात दुसऱ्याचो होतो."

मीच चिरा वर ओढून सोडून दिला.

'ऑल' वाजले. मास्तरांचे मांडीवरचे बोट प्रथमच स्वस्थ राहिले. ते मोजीत नव्हते, वाट पाहत होते. मग 'वेल' वाजले.

"बरो आसा," मास्तर म्हणाले, मध्ये न थांबता.