गुंडूरावांचं शनिवारचं प्रॅक्टिकल

धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी खालच्या मजल्यावर गेलो, तेव्हा गुंडूरावांनी ती उघडलीच नाही. नाकाशी धरली, डोळे मिटले आणि तोंड किंचित उघडं ठेवून एक लांब श्वास घेतला.

"हळद," ते म्हणाले. "मग खळ. आणि सगळ्यात मागे, नोडी, बघा, स्वल्प रॉकेल."

लग्न कुणाचं, कधी, हे त्यांच्या पत्नीला, शारदाकाकूंनाच, आतून विचारावं लागलं.

गुंडूराव म्हणजे आमचे घरमालक. चामराजपुरममधल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर मी आठ वर्षं राहतोय. त्यांचे पूर्वज साताऱ्याकडून म्हैसूरला आले; कधी, ते त्यांनाही नक्की ठाऊक नाही. घरात मराठी बोलतात, पण वाक्याची सुरुवात सातारी झाली तरी शेवट बहुधा कन्नडात होतो. जन्मभर शाळेत केमिस्ट्री शिकवली. पान नाही, विडी नाही, कॉफी दिवसातून दोनदाच. अशा माणसाने एकाहत्तराव्या वर्षी एका सकाळी माझं दार वाजवून विचारलं, "तुम्ही पुण्याचे. त्यात कॉम्प्युटरवाले. व्हिस्कीची सुरुवात कुठून करतात?"

मी आधी काकूंची तब्येत विचारली.

"ती छान आहे. हा विषय वेगळा. सांगा."

माझं ज्ञान ऑफिसच्या पार्टीत 'मलाही तीच' म्हणण्यापुरतं. मी तसं कबूल केलं. गुंडूराव उलट खूश झाले. "सरी, ठीक! मग आपण दोघंही पहिलीत."

त्याच संध्याकाळी आम्ही दारूच्या दुकानात गेलो. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, हातात भाजीची कापडी पिशवी. गुंडूराव रांगेत उभे राहिले आणि रांगेचं जे काही झालं ते मी जन्मात विसरणार नाही. पुढच्या माणसाने मागे वळून पाहिलं आणि हातातली क्वार्टर शर्टात सारली. "नमस्कार सर," तो भिंतीला म्हणाला. त्याच्या पुढच्याने हेल्मेट चढवलं. गल्ल्यावरचा मालक तर उठूनच उभा राहिला. "बन्नी सर, या! मी दहावी 'ब'. तुम्ही मला बाकावर उभं केलं होतंत."

"आता बस," गुंडूराव म्हणाले, आणि शर्टात क्वार्टर घातलेल्याकडे वळले. "लपवतोस काय? बाहेर काढ. याला वास कसला येतो?"

"सर... दारूचा."

"शून्य मार्क," गुंडूराव म्हणाले.

मालकाने मात्र बराच विचार करून एक सौम्य, गोडसर व्हिस्की काढून दिली. धुराच्या वासाची इतक्यात घेऊ नका, सर, म्हणाला. ती सवयीने कळते. गुंडूरावांनी हे वाक्य पिशवीवरच लिहून घेतलं.

काकूंनी स्वयंपाकघरातलं एकही भांडं द्यायला नकार दिला. "वासच घ्यायचा तर घरात हिंग आहे," त्या म्हणाल्या. मग माळ्यावरून शाळेच्या वेळचे तीन कोनिकल फ्लास्क निघाले. रुंद बूड, अरुंद तोंड. पुढे आम्ही इंटरनेटवर वाचलं की जाणकार लोक नेमका अशाच घडणीचा ग्लास वापरतात, आणि गुंडूरावांची छाती दोन इंच फुगली. पाणी घालायला ड्रॉपर. बर्फ बाद, कारण थंडीने वास झोपतो. नोंदींना प्रॅक्टिकलची जुनी वही. पहिल्या दिवसाची नोंद मी वाचलेली आहे: 'अ‍ॅब्झर्वेशन: घसा जळतो. इन्फरन्स: चुकलो.'

पण सोडलं नाही. दुसऱ्या आठवड्यात कळलं की नाक पार आत खुपसायचं नसतं. तिसऱ्या आठवड्यात कळलं की चार थेंब पाण्याने तीच व्हिस्की मोकळी होते, जशी परक्या घरातली सून माहेरचं कुणी आलं की बोलायला लागते. ही उपमा काकूंची. काकूंचा विरोध एव्हाना मावळला होता. तीन वेगवेगळ्या व्हिस्की तीन फ्लास्कांत ओतून, क, ख, ग अशा चिठ्ठ्या चिकटवून त्या परीक्षा घ्यायच्या. स्वतः थेंबही घेत नसत, पण दारातूनच सांगत, "ग मध्ये लवंग आहे." असायची!

आणि एका संध्याकाळी गुंडूराव फ्लास्क नाकाशी धरून बसले आणि एकदम ताडकन उठले. "अय्यो! शिसवी कपाट! वडिलांचं! त्यात ते जर्दाळू ठेवायचे!" मग त्यांनी एक छोटासा घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला, आणि बराच वेळ नुसते हसत राहिले. मी घेतली. मला कपाट लागलं नाही. जर्दाळू मात्र खरंच होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी व्हिस्की प्यायलो, असं म्हणायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. दर शनिवारी पाच वाजता गुंडूराव फ्लास्क, ड्रॉपर आणि एक बाटली पिशवीत घालून रिक्षाने निघून जात. काकू सोबत कोडबळ्यांचा, म्हणजे तिकडच्या कडबोळ्यांचा, डबा देत. कुठे, ते कुणी सांगत नव्हतं. मीही विचारलं नाही.

गेल्या शनिवारी रिक्षा मिळेना. "तुम्ही सोडता का गोकुलमला?" त्यांनी विचारलं, आणि पिशवी उचलत, "आत आलात तरी चालेल."

गोकुलममधल्या एका घराच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत एक उंच, वाळलेले गृहस्थ बसले होते. नंजुंडय्या. त्याच शाळेत फिजिक्सचे मास्तर. त्यांच्या सुनेने मला बाजूला घेऊन सांगितलं. गेल्या वर्षी मोठा ताप आला आणि ताप गेला तसं वास येणंही गेलं. जेवणाची चव गेली. कॉफी म्हणजे गरम पाणी. डॉक्टरांनी दारू बंद केली ती वेगळीच. तेव्हापासून माणूस जेवायला नको म्हणतो, कुणाशी बोलत नाही. "गुंडूराव सर येतात तेवढाच वेळ," ती म्हणाली.

तोवर गुंडूरावांनी मांडामांड केली होती. पुढचं सगळं बोलणं कन्नडात झालं. मला एवढं समजतं.

"आज नवीन आहे," गुंडूराव म्हणाले. फ्लास्क फिरवला, वास घेतला. "ओलं गोणपाट."

नंजुंडय्या समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"मागून गूळ."

काही नाही.

"आणि पिकलेलं केळं."

नंजुंडय्यांची मान हळूच वळली. "कुठलं केळं?"

"केळं रे. केळ्यासारखं केळं."

"मास्तर आहेस की कोण? नंजनगूडची रसबाळे की हिरवं केळं? दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे! पाणी घाल चार थेंब. घातलंस? आता सांग."

"रसबाळे," गुंडूराव म्हणाले. "साल काळी पडायला लागलेली."

"हां!" नंजुंडय्यांनी डोळे मिटले. "मग बरोबर आहे. आता घोट घे. गिळू नकोस लगेच, गाढवा."

पुढचा तासभर ते दोघं भांडत होते. गूळ मंड्याचा की दुसरीकडचा, यावर नंजुंडय्या खुर्चीतून अर्धे उठले. सुनेने कॉफी आणली तेव्हा त्यांनी पेला गुंडूरावांच्या नाकाखाली धरला. "ही सांग." गुंडूरावांनी सांगितली. नंजुंडय्यांनी ती ऐकत ऐकत शेवटपर्यंत प्यायली, आणि वर दोन कोडबळी खाल्ली. सून दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

परतताना गुंडूराव गाडीची काच खाली करत म्हणाले, "तीस वर्षं दर शनिवारी तो एक पेग घ्यायचा. मी समोर लिंबू सोडा. त्याला वासाचं सांगायचं असायचं. म्हणायचा, गुंडू, एक घोट घे. मी म्हणायचो, ही तुझी नाटकं." त्यांनी मांडीवरची पिशवी सावरली. "आता मला आवडायला लागलीय हो. खरंच आवडते. हेच वाईट वाटतं. एकदा तरी दोघांनी मिळून घ्यायची होती."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, "अं?" म्हणाले, आणि मला गाडी कडेला घ्यायची खूण केली.

"नंजुंडा आहे," हात फोनवर ठेवून ते मला म्हणाले. "सून सारू करतेय म्हणे, आपलं सार. फोडणी पडल्याचा आवाज आला. वास कसा असेल, विचारतोय."

ते गाडीतून उतरले, फुटपाथवरच्या झाडाखाली उभे राहिले आणि डोळे मिटून सांगायला लागले. आधी मोहरी. मग कढीलिंब. मग हिंग. एकेक, सावकाश, मागच्या बाकालाही ऐकू जाईल अशा आवाजात.

मी इंजिन बंद केलं.