मठात शिरलेली डुकरीण

बाजावा गावच्या बाजारात क्रेसेन्सिया, म्हणजे घरच्यांची सेन्सी, मिरच्या विकायची, आणि तिचा आवाज पार बसथांब्यापर्यंत जायचा. तिने डोंगरावरच्या मौनव्रती सिस्टरांच्या मठात जायचं ठरवलं, तेव्हा घरचे हसले नाहीत एवढंच. मठाची रीत अशी, की आधी तीन दिवस मुकाट्याने राहून बघायचं, देव खरंच बोलावतोय का ते ऐकायचं.

"तू झोपेतसुद्धा भाव सांगतेस," आई म्हणाली.

"तीन दिवस गप्प बसणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ," सेन्सी म्हणाली आणि निघाली.

दोन दिवस ओठ आवळून गेले. देव काही बोलला नाही. तिसऱ्या दुपारी सगळ्या सिस्टर प्रार्थनाघरात वेदीवरच्या पवित्र भाकरीसमोर, ख्रिस्तप्रसादासमोर, तासभराच्या मौनाला बसल्या आणि सेन्सीला घेवड्याच्या मळ्यावर राखण मिळाली. तेवढ्यात मठाची लठ्ठ डुकरीण कुंपण मोडून मळ्यात घुसली. सेन्सीने ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती प्रार्थनाघराच्या खिडकीशी धावली. तिने दोन्ही हातांनी हे एवढं पोट दाखवलं, मग मळ्याकडे बोट दाखवून कपाळावर हात मारला. आतली तरुण सिस्टर गोरीमोरी झाली. तिने क्रूसाची खूण केली आणि डोळे मिटून या बिचाऱ्या पोरीसाठी प्रार्थना सुरू केली.

मग सेन्सी खराटा घेऊन डुकरिणीमागे लागली. घेवडा तुडवत, वाळत घातलेली चादर गळ्यात अडकवून ती बया थेट प्रार्थनाघरात शिरली आणि वेदीपुढच्या गार फरशीवर धपकन आडवी झाली.

एकीनेही मान वळवली नाही. सेन्सी धापा टाकत आली, जागा नव्हती म्हणून डुकरिणीशेजारीच गुडघे टेकून बसली. हळूहळू तिचा श्वास संथ झाला. ती शांतता रिकामी नव्हती. विहिरीत पाणी भरावं तशी ती भरत होती, आणि त्या भरण्यात आपल्यालाही जागा आहे, असं तिला वाटलं. डोळे कधी वाहू लागले, कळलं नाही.

तास संपला, सेन्सीचे तीन दिवसही भरले आणि बोलायची मुभा मिळाली. तरुण सिस्टरने तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कितवा महिना?" सेन्सीने डुकरिणीकडे बोट दाखवलं. मठाच्या प्रमुख, म्हाताऱ्या मदर फ्रान्सिना भिंतीला टेकून हसल्या. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "काही ऐकू आलं का गं?"

"काहीच नाही, मदर. पण कुणीतरी माझं ऐकत होतं."

मदरनी मान डोलावली. पावसाळा सरला की सामान घेऊन ये, म्हणाल्या, आणि आता आधी हिला बाहेर काढ.

सेन्सीने ढकललं, ओढलं, शेवटी बाजारातल्या आवाजात ओरडूनही पाहिलं. डुकरीण हलली नाही. तिचाही निर्णय झालेला दिसत होता.