सोबत्याचं तिकीट

आमचे शेजारी तायडे सर कोथिंबीर आणायला निघाले तरी दिव्यांगाचं ओळखपत्र शर्टाच्या खिशाला लावून निघतात, फोटो बाहेरच्या बाजूला. लहानपणीच्या पोलिओने डावा पाय बारीक राहिला. मान मात्र ताठ. राजापेठेतल्या भाजीवालीने एकदा विचारलं, "सर, इथं कार्ड कायले?"

"मंग हक्क घरी ठेवून बाहीर निंगू काय?"

कंडक्टरने नुसतं पायाकडे बघून सवलतीचं तिकीट काढलेलं त्यांना खपत नाही. "कार्ड वाच बापू. सवलत पायावर नाई भेटत, कायद्यावर भेटते."

एकदा परतवाड्याच्या गाडीत राखीव सीटवर एक धट्टेकट्टे पुढारी बसले होते. उठेनात. सरांनी पिशवीतून नियमांची झेरॉक्स काढली आणि मोठ्याने वाचायला घेतली. दुसऱ्या पानावर पुढारी उठले. मग सरांनी ती सीट एका पोटुशीला दिली आणि स्वतः दांडा धरून उभे राहिले. "सीट माही. देनं बी माह्याच हक्कात!"

त्या कार्डावर एका सोबत्यालाही अर्धं तिकीट मिळतं. सोबती म्हणजे त्यांच्या पत्नी, निर्मलाताई. सोबत्याने पिशवी धरायची, हा सरांनी स्वतः जोडलेला नियम. पुढे एसटीत सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं, तरी निर्मलाताई सरांकडे बोट दाखवून कंडक्टरला बजावत, "मले बायांचं नोको. यायच्या कार्डावर दे."

दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. तेव्हापासून अचलपूरला मुलीकडे जाताना सर स्टँडवर अनोळखी माणसांना विचारतात, "माह्या कार्डावर जागा खाली हाय. येता काय?" बायकांना विचारत नाहीत, त्यांचं अर्धं आधीच आहे. पुरुष खुशीने येतात. रस्ताभर कायदा ऐकावा लागतो, हे गाडी सुटल्यावर कळतं.

गेल्या रविवारी कुणीच मिळालं नाही. मी त्याच गाडीने माहेरी परतवाड्याला निघाले होते, म्हणून त्यांच्या शेजारी बसले. कंडक्टरने कार्ड वाचलं.

"सोबती?"

"नाई," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "एकटाच हाय."

कंडक्टर माझ्याकडे वळला. "ताई, तुमचं बायांचं अर्धं ना?"

"नाही. सरांच्या कार्डावर."

"पैसे तेवढेच लागतात, ताई."

"मालूम आहे. सोबत्याचं दे."

त्याने खांदे उडवून तिकीट काढलं. सरांनी खिशावरचं कार्ड सरळ केलं आणि पायाशी ठेवलेली पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"धरा नीट," म्हणाले. "नियम हाय."