पोच बाकी

रशीदभाईंच्या ऑफिसपासून माझे घर बासष्ट पावलांवर आहे. मी मोजली आहेत. एकदा जाताना, एकदा येताना. त्यांच्या खुर्चीतून आमचा दरवाजा सरळ दिसतो. दरवाजात उभी असलेली बायको दिसते, तिच्या कपाळावरची आठीसुद्धा दिसते. तरीही मी जायला उठलो की रशीदभाई म्हणणारच, "साहेब, पोचला की फोन करा."

"अहो, दिसतोय की मी तुम्हाला!"

"दिसणं येगळं, पोचणं येगळं."

रशीदभाई ट्रान्सपोर्टवाले. बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला पत्र्याचे ऑफिस आणि चौदा ट्रक. मी जवळच्या पशुखाद्याच्या कारखान्यात रवानगी विभागात आहे, सव्वीस वर्षे. आमची पोती त्यांच्या गाड्यांतून सोलापूर, नाशिक, पार नागपूरपर्यंत जातात. माल उतरल्यावर समोरच्याने सही करून दिलेला कागद म्हणजे पोच. पोच आली नाही तर आमच्या धंद्यात माल पोचलाच नाही असे धरतात. रशीदभाई हा नियम जगातल्या सगळ्या हलत्या वस्तूंना लावतात. माणसे त्यातच आली.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा अल्ताफ याने जर्मनीतून फोनवर समजावत त्यांच्या मोबाइलमध्ये एक एआय मदतनीस बसवून दिला. गाड्यांचे जीपीएस त्याला जोडलेले. तोंडाने विचारायचे, तो तोंडाने उत्तर देतो. रशीदभाईंनी पहिल्याच दिवशी त्याचे नाव ठेवले, पावणं.

"बाहेरगावचा हाय, लई शुद्ध बोलतोय, अन् चा घेत न्हाय. पावणंच की!"

तेव्हापासून सकाळी ऑफिस उघडले की पहिला आवाज ऐकू येतो तो हा: "पावणं, सात नंबर कुठं हाय?"

"गाडी क्रमांक सात भिगवणजवळ पंचावन्न मिनिटांपासून थांबलेली आहे. बिघाडाची शक्यता आहे."

"बिघाड न्हाय ओ, मासा हाय! तळलेली चिलापी मिळती तितं. ड्रायव्हर काय उपाशी जाईल व्हय?"

"नोंद घेतली."

पावण्याने खरोखरच नोंद घेतली. पुढच्या खेपेला दुसरी गाडी त्याच जागी थांबली, तेव्हा त्याने गंभीरपणे सांगितले, "गाडी क्रमांक तीन भिगवणजवळ थांबलेली आहे. बहुधा मासे."

मी मोठ्याने हसलो. रशीदभाई मात्र ताडकन उठले. "तीन नंबरवर बाळू हाय. माळकरी हाय त्यो, माशाच्या वासालाबी उभा राहत न्हाय. गाडीच बिघडलीया!" मेकॅनिकला मोटारसायकलवर मागे घालून ते निघालेदेखील. बाळू खरोखर गाडीच्या स्प्रिंगचा तुटलेला पाटा घेऊन रस्त्याच्या कडेला बसला होता. रशीदभाई परत येऊन पावण्यावर खेकसले, "गाडीवर कोण हाय ते बघत जावा आधी!"

पावण्याने माफी मागितली. रशीदभाई लगेच विरघळले. "असूंद्या. नवीन हाय तुमी."

आमची मुलगी मुक्ता नोकरीसाठी पुण्याला निघाली, त्या दिवशी मी तिला एसटीत बसवून रशीदभाईंच्या ऑफिसात गेलो, तर इकडे तिची नोंद चालू. "बारामती ते स्वारगेट. नग एक. माल नाजूक, उलटा ठेवू नये."

"कृपया वजन नमूद करा," पावण्याने सांगितले.

रशीदभाईंनी तिला चालत्या एसटीत फोन लावून वजन विचारले. चार दिवस तुमच्याशी बोलणार नाही, असे सांगून तिने फोन ठेवला. पण स्वारगेटला उतरल्यावर 'पोचले' एवढे सांगायला तिने पहिला फोन त्यांनाच केला. मला सहा मिनिटांनी आला. पावण्याच्या नकाशावर गाडी मुक्कामी लागली तरी रशीदभाई नोंद बंद करत नाहीत. "गाडी पोचली म्हंजे माणूस पोचला न्हवं. आवाज आला पायजे."

हे सगळे मला मजेशीर वाटत होते, ते या वर्षीच्या कराराच्या वेळेपर्यंत. कारखान्यात नवे मॅनेजर आले. त्यांची अट साधी होती: ज्या ट्रान्सपोर्टच्या नोंदींत एक महिन्याहून जुनी पोच बाकी असेल, त्याचा करार वाढवायचा नाही. तपासून सही करायची मी. रशीदभाईंच्या चौदापैकी नऊ गाड्या आमच्याच मालावर चालतात. करार गेला तर नऊ ड्रायव्हर घरी बसणार.

मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. तीन गाड्या आवारात उभ्या, अकरा रस्त्यावर. उघड्या नोंदी अकराच हव्यात. पावण्याला विचारले तर तो म्हणाला, बारा.

"पुन्हा मोजा," मी म्हणालो.

"बारा."

मी एकेक वाचायला लावली. अकरा बरोबर जुळल्या. मग तो म्हणाला, "नोंद बारावी. बारामती ते हॅम्बुर्ग. नग एक. नाव अल्ताफ. जाण्याची पोच मिळाली आहे. परतीचा फेरा बाकी. निघाल्यापासून कालावधी तीन वर्षे दोन महिने. ही नोंद बंद करण्याविषयी मी दर महिन्याला विचारतो. आज बंद करू का?"

रशीदभाई टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवत होते. अल्ताफ दर रविवारी फोन करतो, हे मला माहीत आहे. किती वेळ बोलतो, तेही माहीत आहे, कारण समोर बसलेलो असतो. चार मिनिटे, फार तर पाच.

"रशीदभाई," मी म्हणालो, "ही एक नोंद काढली की कागद साफ होतो. तुमच्या गाड्यांशी तिचा संबंध नाही."

"व्हय, ठावं हाय." त्यांनी पेपरवेट खाली ठेवला. मग फोन तोंडाजवळ धरून म्हणाले, "राहू दे, पावणं."

आणि माझ्याकडे वळून, एखाद्या नव्या गिऱ्हाइकाला धंदा समजावून सांगावा तसे म्हणाले, "साहेब, लांब गेलेली गाडी रिकामी परतत न्हाय. परतीचं भाडं मिळंस्तवर थांबती तितंच. कुणाला दोन दिसांत मिळतं, कुणाला उशीर लागतो. म्हणून काय कुणी गाडी मोडीत काढतं व्हय?"

मी कागद पुढे ओढला. रस्त्यावरच्या गाड्या अकरा, उघड्या नोंदी बारा, फरक एक. सव्वीस वर्षांत फरकाखाली मी कधी सही केली नव्हती. शेरा लिहिला: 'फरकाची नोंद घरगुती आहे. कारखान्याच्या मालाची एकही पोच बाकी नाही. फरक योग्य आहे.' खाली सही केली. मॅनेजरांनी दुसऱ्या दिवशी तो शेरा दोनदा वाचला, माझ्याकडे एकदा पाहिले, आणि करार वाढवला.

सही केली त्या संध्याकाळी मी घरी जायला उठलो तेव्हा रशीदभाई खिडकीबाहेर बघत होते. पोचला की फोन करा, हे म्हणायचे त्या दिवशी पहिल्यांदाच विसरले.

मी बासष्ट पावले चाललो. चपला काढल्या, बायकोने पुढे केलेला चहा बाजूला ठेवला आणि त्यांच्या ऑफिसच्या टेबलावरच्या फोनवर फोन लावला.

"रशीदभाई, पोचलो."

पलीकडे खुर्ची करकरली. मग नेहमीचा खणखणीत आवाज आला, मला नव्हे, शेजारी ठेवलेल्या मोबाइलला: "पावणं, साहेब पोचले. त्येंची नोंद बंद करा."